सुई पाहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते

वाचकाचे पत्र, थोडक्यात: एक्केचाळीस वर्षांचे एक गृहस्थ लिहितात की, रक्त, सुई किंवा उघडी जखम दिसली की त्यांना थंड घाम फुटतो, कानांत दडे बसतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आजवर ते काही वेळा बेशुद्ध होऊन पडलेही आहेत. एरवी ते भरल्या सभेत बोलतात, रात्री-अपरात्री एकटे गाडी चालवतात. वडिलांना मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी त्यांना रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यायला सांगितले. ते दोनदा प्रयोगशाळेत गेले, बाकावर बसून डोळे मिटून दीर्घ श्वास घेत राहिले, तरीही गरगरू लागल्यावर उठून परत आले आणि पत्नीला मात्र ‘तपासणी झाली, सगळे ठीक आहे’ असे सांगितले. गेल्या महिन्यात आठ वर्षांच्या मुलीने लस घ्यायला नकार दिला आणि ‘बाबा तरी कुठे सुई घेतात’ असे म्हटले. त्यांचे प्रश्न असे आहेत: मी मुळातच भित्रा आहे का? लहानपणी काही घडले असेल तर ते संमोहनाने शोधून भीती एका बैठकीत मुळासकट काढता येईल का? आणि आधी गुपचूप बरे होऊन मग पत्नीला खरे सांगावे, की आताच सांगावे? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘तसेही रक्त तपासले की काहीतरी निघणारच.’

उत्तर:

तुमच्या पत्रातील प्रश्नांपेक्षा त्यांचा क्रम मला अधिक बोलका वाटला. आधी भीतीचे मूळ सापडावे, मग ती कोणाच्या नकळत जावी, मग पत्नीला खरे सांगावे आणि हे सगळे मार्गी लागल्यावर, जमल्यास, रक्त तपासावे, असा बेत तुम्ही मनाशी आखलेला दिसतो. या चारांपैकी ज्या एका गोष्टीला खरोखर मुदत आहे ती तपासणी, आणि तीच तुम्ही सर्वांत मागे ढकलली आहे. साखर वाढली असेल तर ती तुमची भीती जाईपर्यंत थांबून राहणार नाही. म्हणून भीती असतानाच तपासणी कशी करता येईल हे मी आधी सांगतो.

‘मी भित्रा आहे का?’ या प्रश्नात असे गृहीत धरलेले आहे की, सुईपुढे चक्कर येणे हा मनाचा कमकुवतपणा आहे. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणून आपण अशा माणसांची बोळवण करतो आणि तुम्ही स्वतःचीही तशीच केली आहे. प्रत्यक्षात तुमच्या बाबतीत जे घडते ते साप, कुत्रा, उंची किंवा लिफ्ट यांच्या भीतीहून शरीराच्या पातळीवरच वेगळे आहे. लिफ्टला घाबरणाऱ्या माणसाच्या छातीत धडधड होते, रक्तदाब वाढतो, श्वास भराभर चालतो. आपण आता कोसळणार असे त्याला वाटत राहते, पण तो सहसा कोसळत नाही, कारण बेशुद्ध होण्यासाठी रक्तदाब खाली यावा लागतो आणि त्याचा तर चढलेला असतो. रक्ताची आणि सुईची तीव्र भीती असलेल्या अनेकांत मात्र दोन टप्पे दिसतात. आधी नाडी आणि रक्तदाब वाढतात. मग थोड्याच वेळात व्हेगस या मज्जातंतूच्या प्रभावाने नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब एकदम घसरतो आणि मेंदूला पुरेसे रक्त मिळेनासे होते. तुम्ही वर्णन केलेला घाम, दडे आणि अंधारी ही याच घसरणीची लक्षणे आहेत. माणूस आडवा झाला की मेंदूकडे रक्त पुन्हा पोहोचते आणि तो बहुधा मिनिटभरात शुद्धीवर येतो. हा कल बऱ्याचदा एकाच घरातल्या अनेकांत आढळतो, तेव्हा वडिलांना किंवा भावंडांना एकदा सहज विचारून पाहा. या विषयावर घरात कोणी बोलत नाही म्हणून प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असे वाटते. सभेत बोलण्याचे धैर्य या घसरणीपुढे कामी येत नाही, पण म्हणून ते धैर्य खोटे ठरत नाही.

आता तुम्ही बाकावर बसून काय केलेत ते आठवा. डोळे मिटलेत, अंग सैल सोडलेत, दीर्घ श्वास घेतलात. लिफ्टला किंवा विमानाला घाबरणाऱ्याला हा सल्ला बरा आहे. तुमचा रक्तदाब मात्र घसरण्याच्या बेतात असताना अंग सैल सोडणे म्हणजे त्या घसरणीला हातभार लावणे होय, आणि शांत राहण्याचा हा प्रामाणिक प्रयत्नच तुम्हाला दोन्ही वेळा महागात पडला असावा. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात नेमकी उलटी पद्धत बसवली: स्नायू आवळायचे आणि रक्तदाब वर धरून ठेवायचा.

तिचा सराव असा करतात. खुर्चीत ताठ बसा. दोन्ही मुठी, दंड, पोट, मांड्या आणि पोटऱ्या एकाच वेळी घट्ट आवळा आणि चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १५ सेकंद, तसेच धरून ठेवा. श्वास रोखू नका. मग सोडा, पण गळून गेल्यासारखे ढिले पडू नका. एरवी बसता तितकेच सैल व्हा. २० ते ३० सेकंद थांबून पुन्हा आवळा. असे पाच वेळा केले की एक फेरी पूर्ण होते. आठवडाभर रोज चार-पाच फेऱ्या करा आणि त्या आठवड्यात सुईचे नावही काढू नका. डोके दुखू लागले तर जोर जास्त होतो आहे किंवा चेहरा आणि मानही आवळली जात आहे असे समजा. आवळणे अंगवळणी पडले की एक हात सैल ठेवून बाकीचे शरीर आवळायला शिका, कारण ज्या हातातून रक्त घ्यायचे तो ताठरलेला असेल तर रक्त घेणाऱ्यालाही अवघड जाते आणि तुम्हालाही अधिक दुखते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घसरणीची पहिली खूण ओळखणे. बहुतेकांना वाटते की अंधारी ही पहिली खूण. पण तोवर बराच उशीर झालेला असतो. तुमच्या वर्णनावरून कानांतले दडे त्याआधी येतात. दडे जाणवले की त्याच क्षणी आवळायला सुरुवात करायची.

रक्तदाबाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी हा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. तसेच ज्यांना रक्ताशी किंवा सुईशी काही संबंध नसताना, विशेषतः व्यायाम करताना किंवा छातीत धडधडून चक्कर येते, त्यांनी ती भीतीच्या खाती टाकून मोकळे होऊ नये. तिथे हृदयाची तपासणी आधी व्हायला हवी.

भीतीच्या मुळाविषयी तुम्ही बरेच लिहिले आहे, मी थोडक्यात लिहितो. १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवताना त्याच्या पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारून मोठा आवाज केला. काही वेळा असे झाल्यावर ते मूल नुसत्या उंदरालाही भिऊ लागले. (आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही, आणि ते योग्यच आहे.) भीती अशी लागू शकते हे खरे, पण प्रत्येक भीतीमागे असा एखादा प्रसंग असतोच असे नाही, तीव्र भीती असलेल्या अनेकांना कसलाही प्रसंग आठवत नाही, आणि ज्यांना आठवतो त्यांची भीती तो आठवल्यामुळे गेलेली नसते. संमोहनाबाबत माझी अडचण वेगळी आहे. संमोहित अवस्थेत ‘आठवलेली’ गोष्ट खरीच असते असे नाही. सूचनेतून तयार झालेली आठवणसुद्धा तितकीच ठाम वाटते. तुम्ही मुळाच्या शोधात वर्ष घालवाल, कदाचित कुठल्यातरी नातलगाला दोषीही ठरवाल, आणि तपासणी तेवढी राहूनच जाईल. स्पष्टच लिहितो: हा शोध ही टाळाटाळीची फार सभ्य रीत असू शकते.

टाळाटाळ भीतीला कशी पोसते ते तुमच्याच अनुभवातून पाहा. प्रयोगशाळेतून बाहेर पडलात तेव्हा तुम्हाला हायसे वाटले असणार. ते हायसे वाटणे खरे होते, आणि पुढच्या वेळी तोच मार्ग धरायला त्यानेच तुम्हाला शिकवले. आत बसून राहिला असता तर काय घडले असते हे मात्र तुम्हाला कळलेच नाही. भीतीने वर्तवलेले भाकीत तपासले जाण्याआधीच तुम्ही उठलात. उपचाराचा गाभा इथेच आहे: घाबरवणाऱ्या गोष्टीजवळ हळूहळू, ठरवून आणि पुन्हा पुन्हा जायचे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती याच मार्गाने घालवली होती. तो आवडीचे खात असताना ससा पिंजऱ्यातून दर वेळी थोडा जवळ आणला जाई, आणि शेवटी तो सशाला हात लावून खेळू लागला.

तुमच्यासाठी या पायऱ्या अशा असू शकतील. आवळण्याचा आठवडा संपला की सुईचे चित्र समोर ठेवा आणि पाहता पाहता आवळा. मग रक्त घेतानाची चित्रफीत पाहा: दंडाला पट्टा बांधला जातो, कापसाचा बोळा फिरतो, सुई आत जाते, नळी गडद लाल होत भरते. तुमची नजर ज्या क्षणी वळते तो क्षण नोंदवा आणि पुन्हा पुन्हा तेवढाच भाग पाहा. बहुधा तो सुई टोचण्याचा नसून नळी भरण्याचा निघेल, आणि ते कळले की भीतीचा पसारा एकदम लहान वाटू लागतो. त्यानंतर पाकिटबंद सिरिंज हातात धरून बसा. मग कोणाच्या तरी तपासणीला सोबत जा. मग साखर मोजण्याच्या घरगुती यंत्राने बोटाच्या टोकातून एक थेंब काढा. शेवटची पायरी तपासणीची. पुढे जाण्याची अट ‘भीती शून्य झाली’ अशी ठेवू नका. ‘भीती वाटली, तरी मी बसून राहिलो आणि पडलो नाही’ एवढे पुरेसे आहे.

ज्यांची भीती वेगळी आहे त्यांनाही हाच मार्ग लागू पडतो, फक्त आवळण्याचा भाग त्यांच्यासाठी नाही. कुत्रा, पाल, उंची, बंद जागा, विमान यांना घाबरणाऱ्यांनी पायऱ्या ठरवून जवळ जावे आणि भीती टिपेला पोहोचली असताना पळ काढू नये. त्यांनी एक छुपी टाळाटाळही तपासून पाहावी: लिफ्टमध्ये चढतात, पण मोबाइल मुठीत आवळून, पुलावरून जातात, पण डोळे मिटून, कुत्रा असलेल्या घरी जातात, पण सोबत्याचा दंड धरून. असे केल्याने प्रसंग निभावतो, पण ‘आज मोबाइल होता म्हणून वाचलो’ एवढाच धडा मन घेते. साधी भीती आणि उपचार लागणारी भीती यांतला फरकही इथेच सांगतो. पाल पाहून किंचाळणारा माणूस आजारी नसतो. पण भीती खऱ्या धोक्याच्या तुलनेत फारच मोठी असेल, सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली असेल आणि तिच्यामुळे नोकरी, आरोग्य किंवा नाती अडून राहत असतील, तर ती मानसोपचाराचा विषय आहे. आशादायक भाग असा की, विशिष्ट गोष्टीच्या भीतीवरचे उपचार लांबलचक नसतात. ओस्ट यांनीच १९८९ मध्ये सुमारे तीन तासांच्या एकाच बैठकीतील उपचार मांडला होता. तुम्हाला ‘एका बैठकीत’ असे जे हवे आहे ते खरोखर अस्तित्वात आहे, फक्त त्या बैठकीत भूतकाळ खणत नाहीत, सुईसमोर बसवतात.

पत्नीच्या प्रश्नावर माझे मत ठाम आहे: आताच सांगा. गुपचूप बरे होऊन मग सांगण्यात आब राखला जातो, हे मला कळते. शिवाय ‘झाले गेले, आता तपासणी केली आहे’ असे म्हणता आले की खोटेपणाची धारही बोथट होते. पण त्या मार्गात एक धोका आहे. समजा, अहवालात साखर वाढलेली निघाली, तर आजार आणि फसवणूक या दोन गोष्टी त्यांना एकाच दिवशी कळतील आणि तुम्हाला आधाराची गरज असेल तेव्हा त्या दुखावलेल्या असतील. दुसरे असे की, दोन वर्षे घरातले खाणेपिणे, खर्च आणि पुढचे बेत ‘सगळे ठीक आहे’ या तुमच्या शब्दावर चालले आहेत; तो शब्द परत घेण्याची जबाबदारी तुमची आहे. सांगताना आधी भीतीचे वर्णन आणि मग कबुली असा क्रम ठेवू नका, कारण ते सबबीसारखे ऐकू येते. “तपासणी झालेली नाही. मी दोनदा गेलो, तसाच परत आलो आणि तुला खोटं सांगितलं,” एवढे आधी म्हणा. राग येईल, आणि तो सुईच्या भीतीबद्दल नसेल. त्या वेळी व्हेगस मज्जातंतूचे व्याख्यान देऊ नका. ते त्यांनी विचारल्यावर. पुढे त्यांची मदत जरूर घ्या, पण ती कायमची कुबडी होऊ देऊ नका: पहिल्या तपासणीला त्या शेजारी बसल्या, तर पुढच्या वेळी बाहेर बसू द्या.

मुलीची काळजी तुम्ही पत्रात ओझरती मांडली आहे, पण तीच तुम्हाला लिहायला लावणारी गोष्ट असावी. मुले पाहून घाबरायला शिकतात हे खरे. सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात प्रयोगशाळेत वाढलेल्या, सापाला न घाबरणाऱ्या माकडांना सापापुढे घाबरलेली माकडे दाखवली, तेव्हा तीही सापाला घाबरू लागली. त्या संशोधनाचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही: ज्या माकडांनी आधी सापासमोर निवांत वावरणारे माकड पाहिले होते, त्यांच्यापैकी बहुतेकांना नंतर घाबरलेले माकड पाहूनही ती भीती लागली नाही. तेव्हा लसीला मुलीबरोबर सध्या आईने जावे, किंवा घरातल्या अशा कोणीही, ज्यांना सुईचे काही वाटत नाही. तुमची भीती जाईपर्यंत लस लांबवू नका. तिला ‘अजिबात दुखणार नाही’ असे सांगू नका, कारण सुई टोचल्यावर तुमचा शब्द खोटा ठरेल आणि पुढचा कोणताही शब्द ती मानणार नाही. ‘थोडं टोचेल आणि लगेच थांबेल’ हे खरे आहे आणि पुरेसे आहे. चौघांनी दाबून धरू नका. त्वचा बधिर करणारे मलम साधारण तासभर आधी लावता येते, त्याविषयी डॉक्टरांना विचारा. आणि तिने जे ओळखलेलेच आहे ते नाकारू नका. “बाबाला सुईची भीती वाटते, आणि बाबा आता ती घ्यायला शिकतोय,” हे आठ वर्षांच्या मुलीला सहज समजते. निर्भय बापाच्या सोंगापेक्षा शिकणारा बाप तिच्या अधिक उपयोगाचा आहे.

आता प्रत्यक्ष तपासणीचा दिवस. डॉक्टरांना विचारा की, पहिल्या खेपेला एचबीए१सी ही चाचणी चालेल का. ती मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा सरासरी अंदाज देते आणि तिला उपाशी राहावे लागत नाही. उपाशीपोटी चक्कर लवकर येते, म्हणून तुमच्यासाठी हा फरक मोठा आहे. कोलेस्टेरॉलही अनेकदा उपाशी न राहता तपासता येते, तेही विचारून घ्या. निघण्यापूर्वी दोन ग्लास पाणी प्या. आत गेल्यावर, खुर्चीत बसण्याआधीच, रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञांना सांगा: “मला रक्त देताना चक्कर येते, मी आडवा होऊन देईन.” त्यांच्यासाठी हे रोजचेच असते, आणि पडलेल्या माणसाला उचलण्यापेक्षा आडव्या माणसाचे रक्त घेणे त्यांना केव्हाही सोयीचे. पट्टा बांधण्याच्या आधीपासून मोकळा हात आणि पाय आवळायला लागा, सुई निघाल्यावरही आणखी काही मिनिटे आवळत राहा आणि लगेच ताडकन उठू नका. घसरण पुष्कळदा ‘झालं एकदाचं’ म्हणून सैल पडल्यावर होते. पंधरा मिनिटे तिथेच थांबा आणि स्वतः गाडी चालवत परतू नका. भीती घालवणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्या गुंगी आणतात आणि ‘मी हे करू शकलो’ हा अनुभव गोळीच्या नावे जमा होतो. चित्राच्याच पायरीवर तुम्ही कोसळू लागलात, किंवा महिनाभरात एकही पायरी चढता आली नाही, तर टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचे उपचार करणाऱ्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांकडे जा आणि पहिल्याच भेटीत सांगा की तुम्हाला नुसती भीती वाटत नाही, चक्कर येते. ही माहिती न दिल्यास तेही तुम्हाला अंग सैल सोडायला शिकवतील.

राहिली पत्रातली शेवटची ओळ. ‘काहीतरी निघणारच’ ही सुईची भीती नाही, अहवालाची आहे, आणि स्नायू आवळून ती जात नाही. सुई जमू लागल्यावर ती पुढे येईल आणि तुम्ही अहवाल आणायला जाणार नाही, किंवा पाकीट तसेच ठेवून द्याल, असे मला वाटते. त्यावर उपाय साधा आहे: रक्त देण्याची वेळ ठरवाल त्याच वेळी, दोन-तीन दिवसांनंतरची, डॉक्टरांची भेटही ठरवून टाका, तिथे पत्नीला सोबत न्या आणि पाकीट डॉक्टरांच्या टेबलावरच उघडा.